किम सेनचे धाकटे मालक

थी आत आणायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

चालायला लागले तेव्हापासून मी हे ऐकत आले. थी म्हणजे मुठीत मावेल एवढं पिवळं, गुळगुळीत फळ. खाण्यासारखं त्यात फारसं नसतं. बायका ते वासासाठी घेतात, कपड्यांत ठेवतात, लहान मुलांच्या हातात देतात. पावसाळा सरता सरता सायगॉनच्या फुटपाथवर टोपल्याच्या टोपल्या येतात. आमच्या किम सेन नाट्यगृहाच्या दारात मात्र त्याची सालसुद्धा चालत नसे. रंगमंचामागच्या देव्हाऱ्यात दोन लाकडी बाळं बसवलेली होती, तांबडे अंगरखे घातलेली. ते आमचे धाकटे मालक, नटांचं दैवत. थीचा वास आला की ते खेळायला बाहेर येतात आणि नट शब्द विसरतात, एवढंच कारण मला सांगितलं होतं. त्यापुढे काही विचारलं की सहावी आत्या आरशातली नजर न काढता म्हणायची, "त्रुक, जीभ फार चालते तुझी. गळा चालला असता तर बरं झालं असतं."

गळा नाही म्हणून मी कॉलेजात गेले, पर्यटन शिकले, आणि आता लोकांना नाट्यगृहांच्या वस्तीतून पायी फिरवते. आधी पांढरं ऑपेरा हाउस, त्याच्या पायऱ्यांवर नवऱ्या मुली घागरे पसरून फोटो काढत असतात. मग पाण्यावरच्या बाहुल्यांचं थिएटर. मग तो मोठा रस्ता, जिथे एके काळी दर चार दारांआड एक नाट्यगृह होतं आणि आता गाड्यांचा तळ, व्यायामशाळा, मोबाईलची दुकानं आहेत. वर बघितलं तर चुन्याचे सिंह आणि मुखवटे अजून दिसतात. शेवटी आमचं किम सेन, दारावर मोडक्या पिसाऱ्याचा मोर. घरातले याला "भिंती दाखवायचा धंदा" म्हणतात. भिंती बघायला आलेल्यांमुळेच संध्याकाळच्या खेळाला निम्म्या खुर्च्या भरतात, हे मात्र कुणी बोलत नाही.

त्या दुपारी माझ्याबरोबर एकच बाई होत्या. ख्वे आजी, मेलबर्नहून आलेल्या, एकट्या. पांढरे आखूड केस, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. ऑपेरा हाउससमोर मी बोलायला लागले तर म्हणाल्या, "ते राहू दे गं पोरी. किम सेन कधी येतं?"

भरतीचे दिवस होते. कालवा काठोकाठ होता आणि आमच्या गल्लीत गटारांच्या जाळ्यांतून पाणी वर येत होतं, इतकं हळू की रस्ताच झोपेत कूस बदलतोय असं वाटावं. चपला हातात घेऊन आम्ही मागच्या दाराने आत गेलो.

दुपारचं नाट्यगृह फार कुणी बघितलेलं नसतं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत मखमलीत मुरलेला काळोख. ओल, तोंडाला लावायची भुकटी, विझलेल्या उदबत्त्या. आठवे काका ढोलाशेजारी झोळीत निजले होते. आतल्या खोलीत आत्या संध्याकाळसाठी चेहरा रंगवत होती. काळोखाला सरावायला डोळ्यांना वेळ लागला, पण नाकाला लागला नाही.

थी. आजींच्या पिशवीत.

मी त्यांना थांबवू शकले असते. पण ज्या नियमाचं कारण कुणी देत नाही, तो एकदा मोडून बघावा, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. मी त्यांना पुढे जाऊ दिलं.

आजी सरळ रंगमंचावर चढल्या. मधोमध थांबून त्यांनी पायाने गालिचा चाचपला. "इथे झाकण होतं. आहे ना अजून?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझे भाऊ याच्याखाली बसायचे. त्वान आणि बू. तिकीट परवडायचं नाही. तुमचा सातवा त्यांना मागच्या दाराने घ्यायचा, मग तिघं फटीतून नाटक बघायचे."

आमच्याकडे माणसाला जन्माच्या क्रमाने हाक मारतात, आणि मोजणी दोनपासून सुरू होते. सहावी आत्या, आठवे काका, माझे बाबा नववे. आधीचे सगळे गेले, पण दुसऱ्या काकांपासून पाचव्या आत्यापर्यंत प्रत्येकाची तसबीर जिन्यात आहे. सातव्याची तसबीर नाही. लहानपणी मी बोटं मोजून विचारलं होतं, तेव्हा थोबाडीत बसली होती.

"आम्हाला सातवा नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात पायाखाली कुणीतरी हसलं. तोंडावर हात दाबून, दुसऱ्याला कोपर मारून हसतात तसं. ढोलाचं कातडं आपोआप थरथरलं.

काका झोळीत उठून बसले. "थी... कुणी आणलं आत?"

आत्याही बाहेर आली. एक भुवई रंगवलेली, एक कोरी. तिने आजींकडे बघितलं, आणि ओळख पटल्याचं तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं.

"तू उसाची कांडकी विकायचीस," आत्या म्हणाली. "मागच्या दाराशी."

"हो. त्या संध्याकाळीही तिथेच होते." आजींचा आवाज अगदी मऊ होता. "असंच पाणी चढलं होतं. खालून ठोकल्याचा आवाज येत होता. मी दारवानाला सांगितलं, तर म्हणाला, ढोल आहे तो, पळ इथून. सकाळी आई विचारायला आली. तुमच्या लोकांनी सांगितलं, तुझी पोरं इकडे आलीच नाहीत. आणि पुढच्या महिन्यात तुमच्या देव्हाऱ्यात दोन बाळं बसली."

"ते मालक आहेत," काका म्हणाले. "सत्तर वर्षं त्यांनी आम्हाला जगवलं."

"ते माझे भाऊ आहेत. मी न्यायला आलेय."

"बाई, हात जोडतो. ते गेले तर हे नाट्यगृह उद्या उभं राहणार नाही."

"काका, पडू दे मग," मी म्हणाले.

"हेच शिकवतात का कॉलेजात?"

"नाही. हे मला इथे, आत्ता कळलं."

मी गालिचा ओढला, कडी धरली आणि झाकण वर केलं. पाणी अगदी हाताशी होतं. काळं, संथ. त्यात वरच्या छताचं मुळीच प्रतिबिंब नव्हतं.

आजी कशाबशा गुडघ्यांवर बसल्या. पिशवीतली फळं त्यांनी काठावर मांडली आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांना जेवायला बोलवावं तशी हाक घातली, "त्वान दादा... बू... चला रे, भात निवतोय."

मला दिसलं काहीच नाही. फक्त तो गोड, दाट वास जागचा हलला आणि माझ्या कमरेच्या उंचीवरून पुढे गेला. आजी उठल्या. त्यांचे दोन्ही हात अंगापासून जरा दूर, खाली ओढल्यासारखे झाले होते. बारक्या पावलांशी पाऊल जुळवत चालावं तशा त्या खुर्च्यांच्या मधून निघाल्या. बाजूच्या घडीच्या खुर्च्या एकामागून एक खाली पडून पुन्हा मिटत गेल्या, पोरं जाता जाता हात मारतात तशा. दार उघडलं. ऊन आणि पाणी एकदम चमकलं. मग दार मिटलं.

इतकी सुंदर गोष्ट मी कधी बघितली नव्हती. मला रडू येत होतं.

"बंद कर," आत्या म्हणाली. "लवकर, त्रुक."

"आता का? गेले की दोघं."

"बंद कर म्हणते ना."

आणि तेव्हा खालून आवाज आला. आधीच्या हसण्यासारखा नव्हता तो. शहाणा, शिकवलेला आवाज. फार वेळ गप्प राहिलेल्या मुलाचा.

"ताई... आता मी येऊ?"

काकांनी दोन्ही तळवे ढोलावर दाबून धरले. आत्याचा चेहरा रंगाखाली पांढरा पडला होता की कोऱ्या भुवईमुळे तसा वाटत होता, सांगता येत नाही.

"सातवे काका," मी म्हणाले.

"मी पाय आपटला की झाकण उघडायचं आणि तो वर यायचा," आत्या पुटपुटली. "कासवाच्या राजाचा मुखवटा घालून. लोक टाळ्या वाजवायचे. त्या दिवशी वडिलांनी पडद्याआडून खूण केली, आपटू नकोस. झाकण उघडलं तर पाणी दिसेल, प्रेक्षक पळतील. मी अकरा वर्षांची होते... मी गात राहिले."

"तेव्हा मोठ्यांनी सांगितलं, तुम्ही ऐकलंत. आता तुम्हीच मोठ्या आहात."

"त्रुक, बाळ," काका म्हणाले, "काही गोष्टी..."

"विचारायच्या नसतात. माहीत आहे. तो सत्तर वर्षं विचारतोय, काका, आणि तुम्ही ऐकू येऊ नये म्हणून ढोल वाजवताय."

"ताई?" खालून पुन्हा. जरा जवळून.

"बंद कर," आत्या म्हणाली. ती आज्ञा नव्हती, विनवणी होती.

मी झाकणाची कडी दोन्ही हातांनी धरली आणि झाकण पार मागे उलटून टाकलं.

"नाही. मी बंद करणार नाही. पाय आपटा, आत्या. नाहीतर त्याला नाही म्हणून सांगा. पण उत्तर द्या."

आत्याने काकांकडे बघितलं. काकांनी जमिनीकडे. मी वाट बघत उभी राहिले.

मग खाली, शिडीच्या एका पायरीवर ओलं पाऊल पडलं. मग वरच्या पायरीवर. मग त्याच्याही वरच्या. त्या खड्ड्यातली शिडी माझ्या जन्माआधीच कुजून गेली होती.