बोटभर लोणी

कोटाची एक बाही नोरीनच्या हातात होती आणि दुसरी एका उंच, ओल्याचिंब माणसाच्या.

ओलं तर त्या दुकानात सगळंच होतं. कॅनडातल्या हॅलिफॅक्सला नोव्हेंबरात छत्री उघडायची म्हणजे ती वाऱ्याला देऊन टाकायची, हे माहीत असल्यामुळे कोणी छत्री आणतच नाही. लोक नुसते आत शिरतात, कुत्र्यासारखे अंग झटकतात आणि खरेदीला लागतात. या माणसाच्या केसांतून पाणी कोटावर ठिबकणार, एवढ्यात नोरीनने कोट आपल्याकडे ओढला.

"सोडा," ती म्हणाली. "तुम्हाला नाही बसायचा हा."

"मला नकोच आहे. बहिणीसाठी बघतोय." त्याने बाही काही सोडली नाही. "तुम्हाला आणखी एक मिळेल की."

"हा एकच आहे या रंगात. विचारलंय मी."

रंग हळदीचा होता. लख्ख, लांबून दिसणारा. रस्त्यावरची झाडून सगळी माणसं काळ्या नाहीतर राखाडी कोटात फिरत असताना असा कोट घालायला जरा छातीच लागते. नोरीनच्या अंगावरचा कोट राखाडी होता. तीन वर्षांपूर्वी ग्रॅहॅमबरोबर जाऊन घेतलेला. मळत नाही, सगळ्यावर जातो, असं ग्रॅहॅमचं म्हणणं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"एक करता?" तो माणूस म्हणाला. "तुम्ही साधारण आमच्या ओडेटच्याच उंचीच्या आहात. जरा घालून दाखवा. वाईट दिसला तर दोघंही सोडून देऊ."

"आणि चांगला दिसला तर?"

"तर... मग भांडू."

नोरीनला हसू आलं. तिने राखाडी कोट त्याच्या हातात दिला, हळदी कोट चढवला आणि आरशापुढे उभी राहिली. कॉलर वर केली, खाली केली. खिशांत हात घालून आतून चाचपले, अगदी कोपऱ्यापर्यंत. मग एक गिरकी घेतली – आणि आपण गिरकी घेतली हे लक्षात येऊन ओशाळली.

आरशात तिच्यामागे तो उभा होता. त्याने एक सुस्कारा टाकला.

"वाईट दिसतोय?"

"तेच तर. दिसत नाहीये. आता हा ओडेटला दिला तर जन्मभर वाटत राहणार, चुकीच्या बाईला दिला म्हणून."

नोरीन कानापर्यंत लाल झाली. आता नुसतं हसून कोट घ्यायचा आणि बाहेर पडायचं, एवढंच करायचं होतं. पण ती भलतंच बोलून बसली.

"माझ्यासाठी नाहीये हा. मैत्रिणीसाठी घेतेय. तिचा वाढदिवस आहे आज."

वाढदिवस तिचाच होता. तिसावा. आणि तो एकटीने, दुकानं हिंडत घालवायचा हे तिने चोरून ठरवलं होतं. आईला सांगितलं होतं की आज काम आहे. ती ज्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करून द्यायची, तिथे सांगितलं होतं की आज घरी जाणार आहे. कारण मे महिन्यात, लग्नाला काही आठवडे राहिले असताना तिचं आणि ग्रॅहॅमचं मोडलं, आणि तेव्हापासून जो तो तिच्याकडे मान तिरकी करून बघायचा. मान एका बाजूला, भुवया वर, आवाज खाली – "कशी आहेस गं?" दुकानदार, शेजारी, दवाखान्यातले डॉक्टर, सगळ्यांच्या माना एकाच कोनात. तिचे दोघे भाऊसुद्धा, जन्मभर तिला छळण्यात ज्यांनी कसर ठेवली नाही, ते आता फोनवर हळुवार बोलायचे. तिला तेच सगळ्यात असह्य व्हायचं. म्हणून आजचा एक दिवस तरी कोणाची तिरकी मान बघायची नाही, एवढंच तिला हवं होतं. आणि ऐन तिसाव्या वाढदिवशी एकटीच कोट घेतेय म्हटलं की समोरची मान हमखास तिरकी होणार.

या माणसाची मान मात्र तिला सरळच राहायला हवी होती. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

"आज?" तो म्हणाला. "मग नाकाला लोणी लावलं का तिच्या?"

नोरीन चमकली. वाढदिवसाला दबा धरून बसायचं आणि बेसावध क्षणी नाकाला लोणी फासायचं – हे तिच्या घरचं. नाक बुळबुळीत झालं की वर्षभर येईल ते संकट घसरून जातं म्हणे. तिच्या भावांनी एकदा ती झोपेत असताना लावलं होतं, एकदा चर्चच्या पायऱ्यांवर.

"तुम्ही कुठले?" तिने विचारलं.

"केप ब्रेटन बेटावरचा. गाव शेटिकँप. वेंडल कोमो."

"मी माबूची. नोरीन."

"अरे वा, म्हणजे शेजारीच." त्याचा चेहरा उजळला. "कोणाची तू? म्हणजे... तुम्ही? वडील कोण?"

तिकडे हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी पुढचं बोलतच नाही. बापाचं नाव सांगितलं की आजा, मामा, बोटीचं नाव आणि घराण्यातली सगळी भांडणं आपोआप कळतात. मोडलेली लग्नंही कळतात. शेटिकँप ते माबू अंतर ते किती, बातमी केव्हाच पोचली असणार.

"आज मी कोणाचीच नाही," ती म्हणाली.

वेंडलने क्षणभर तिच्याकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला. "मग कोणाचीच नसलेल्या बाई, माझ्या बहिणीला कोट शोधून द्या. तपकिरी नको, एवढंच तिने बजावलंय. मला कपड्यांतलं ओ की ठो कळत नाही. मी चष्मेवाला आहे. मला फक्त नाकं कळतात."

"नाकं?"

"दिवसभर तेच बघतो. कोणाचं चपटं, कोणाचं बाकदार. चष्मा टिकतो की घसरतो, सगळं नाकावर. तुमचं छान आहे. चष्मा लागला तर सांगा."

"मी दात बघते दिवसभर," नोरीन म्हणाली. "तुमचे बरे आहेत. पण मागच्या दाढांकडे लक्ष देत नाही तुम्ही."

त्याने चटकन तोंड मिटलं. नोरीन इतकी खळखळून हसली की दोन बायका वळून बघायला लागल्या. असं हसून किती दिवस झाले होते, देव जाणे.

ओडेटला बाटलीसारखा हिरवा कोट मिळाला. हळदी कोट नोरीनच्या पिशवीत गेला. मग भूक लागल्याचं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं आणि ती दोघं बंदरावरच्या एका छोट्या कॅफेत शिरली. माशांचं दाट, दुधाळ सूप आलं. सोबत गरम छोटे पाव आणि बशीत सोनेरी कागदातल्या लोण्याच्या वड्या. काचेवर पावसाचे ओघळ होते, पलीकडे बोटींचे दिवे लागायला लागले होते, आणि वेंडलच्या भुवईवर अजून एक थेंब अडकून होता. नोरीनला तो बोटाने टिपावासा वाटला. तिने पावाचा तुकडा मोडला.

"मग, ही मैत्रीण," तो म्हणाला. "वाढदिवसाला तुम्ही इकडे, ती कुठे?"

"ती... ती कोणाला भेटत नाही आज." नोरीन सुपात चमचा फिरवत राहिली. "तिचं लग्न मोडलं मे महिन्यात."

"अरेरे."

"तेच नको असतं तिला. अरेरे." ती जरा जोरातच बोलली. "सगळे अरेरे करतात. पण तिला ना... खरं सांगू? तिला वाईट नाही वाटत. पहिले दोन दिवस रडली. मग तिसऱ्या दिवशी गावच्या घरी इतकी गाढ झोपली की आई घाबरून उठवायला आली. मुलगा वाईट नव्हता. फार चांगला होता. पण त्याच्याबरोबर ती दिवसेंदिवस कमी बोलायला लागली होती. कमी हसायला. मोडल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि हे कोणाला सांगायची सोय नाही. लोक एवढं मनापासून दुःख करतायत तिच्या वतीने, त्यांना काय सांगणार – की मी मजेत आहे?"

आपण फार बोललो असं वाटून ती थांबली. वेंडलने पाव खाली ठेवला होता.

"मग तिला कोटाबरोबर केक पण द्या," तो शांतपणे म्हणाला. "सुटका झाली म्हणजे साजरी नको का करायला? माझी आत्या लग्नातून सुटली तेव्हा तिने सगळ्या गल्लीला लॉबस्टर खाऊ घातले होते."

"खरंच?"

"आम्ही अजून वाट बघतोय, दुसरं लग्न कधी करते म्हणून."

नोरीन हसली, आणि हसता हसताच थबकली. हा माणूस तिला आवडला होता. चांगलाच. पण त्याला जे पटलं होतं ते मैत्रिणीचं. मैत्रिणीबद्दल असं बोलणं सोपं असतं. तीच बाई समोर बसलेली आहे हे कळलं की काय होईल? मान तिरकी होईल. आवाज खाली येईल. आणि मग आजचा सगळा दिवस त्या एका कोनात वाकडा होईल. सांगितलं नाही तर मात्र ती त्याला उद्यापासून कोण म्हणून भेटणार होती?

ती डार्टमथला राहायची, खाडीपलीकडे. वेंडल फेरीबोटीपर्यंत सोडतो म्हणाला, आणि तिकीट काढून बोटीतच चढला. तिची पिशवी एका हातात, दुसरा हात खिशात.

"तुम्ही तर इकडेच राहता ना?" नोरीनने विचारलं.

"हो."

"मग डार्टमथला काय काम?"

"काही नाही. बोटीत बसायला आवडतं मला."

"या पावसात?"

"पावसात विशेष."

बोट सुटली. आत गर्दी होती, म्हणून दोघं मागच्या बाजूला छपराखाली उभी राहिली. वारा तिच्या राखाडी कोटातून आरपार जात होता. शहराचे दिवे मागे सरकायला लागले. खाडी काही फार रुंद नाही, सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं.

"वेंडल..." नोरीन म्हणाली. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, मानेकडे बघत होती. "ती मैत्रीण – तशी कोणी नाहीये. ती मीच. वाढदिवस माझा आहे. कोटही मलाच हवा होता."

तिने श्वास रोखून धरला. मान सरळच राहिली.

"हं," वेंडल म्हणाला. "ही पिशवी धर जरा."

तिने धरली. त्याने खिशातला हात बाहेर काढला. मुठीत सोनेरी कागदाची एक चुरगळलेली वडी होती. त्याने ती उलगडली, बोट बुडवलं, आणि नोरीनला काही कळायच्या आत तिच्या नाकावर शेंड्यापासून वरपर्यंत नीट, सावकाश लोणी फासलं. नाकांची सवय असलेलं बोट होतं ते.

लोणी कोमट होतं. अगदी विरघळायला आलेलं. एवढ्या गारठ्यात... नोरीनच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. कॅफेपासून इथवर त्याने ते मुठीत धरून आणलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"तू दुकानात खिसे चाचपलेस तेव्हाच. मैत्रिणीच्या कोटाचे खिसे कोणी कोपऱ्यापर्यंत चाचपून बघत नाही."

"म्हणजे कॅफेत मी ते सगळं सांगत होते, तेव्हा..."

"तेव्हा तुझ्याबद्दलच ऐकत होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं होतं ते सांगणं. मी कशाला नाक खुपसू?"

म्हणजे केक दे म्हणाला तो तिलाच. आत्याची गोष्ट सांगितली तीही तिलाच. सुरुवातीपासून माहीत असून त्याने तिची थट्टा केली होती, दाढांवरून बोलणी खाल्ली होती, आणि त्याची मान एकदाही ढळली नव्हती. मे महिन्यापासून खांद्यांवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि नोरीन हसता हसता रडायलाच लागली. डोळ्यांतलं पाणी लोण्यावरून घसरून गेलं, टिकलं नाही.

"बघ," वेंडल म्हणाला. "लागू पडलं."

दारात उभ्या असलेल्या एका आजींनी मान बाहेर काढली. "वाढदिवस का गं?"

"हो," नोरीन म्हणाली. दिवसभरात ती हे पहिल्यांदाच मोठ्याने कबूल करत होती. "तिसावा."

"मग पुसू नकोस हो. उतरेपर्यंत तरी." आजी आत गेल्या.

नोरीनने राखाडी कोट तिथल्या तिथे काढला, वेंडलच्या खांद्यावर टाकला आणि हळदी कोट घातला. वेंडल नुसता बघत राहिला, दुकानातल्या आरशात बघत होता तसाच, फक्त आता मध्ये आरसा नव्हता. तिने हात वर करून त्याच्या भुवईवरचा थेंब टिपला. तो दुपारचा नव्हताच, पण तिला टिपायचा होता.

बोट धक्क्याला लागली. माणसं उतरायला लागली. वेंडलला याच बोटीने परत जायचं होतं, आणि दोघांपैकी कोणीच हललं नाही.

"डॅन रोरी गिलिसची," नोरीन म्हणाली.

"काय?"

"दुपारी विचारलं होतंस ना, कोणाची म्हणून. डॅन रोरी गिलिसची मी. माबूच्या. धाकटी."

वेंडलच्या चेहऱ्यावर हसू हळूहळू पसरत गेलं, मागच्या दाढा दिसेपर्यंत.

"चला," तो म्हणाला आणि तिच्याबरोबर धक्क्यावर उतरला. "आता पुढचं बोलता येईल."