बाबांना कोणता अ‍ॅनिमे दाखवायचा?

बादलीवर एक मुलगी होती. केस निळे, आणि डोळे एवढे मोठे की अर्धा चेहरा त्यांतच संपलेला. घाईत मी ती बादली रांगेतून उचलली, तेवढ्यात मागून आवाज आला...

"मॅडम, ती माझी हाय."

वळून बघितलं. सत्तावीस-अठ्ठावीसचा एक सावळा, उंच माणूस.

"तुमच्या मुलीची का?"

"न्हाई, माझीच."

"मुलगी?"

"बादली! माझं लग्न कुठं झालंय?" एवढं सांगताना तो कानापर्यंत लाजला.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. लातूरला आठ-आठ दिवस टँकर यायचा नाही, आणि आला की गल्लीत माणसांच्या आधी बादल्या रांगेला उभ्या राहायच्या. मी, पंचशीला, नांदेडची. पोस्टातली नोकरी, लातूरला बदली, आणि केवळाबाईंच्या घरात भाड्याची एक खोली. माझीही बादली निळीच होती, म्हणून घोटाळा झाला.

हा समोरच्या घरात राहायचा. नाव लिंबाजी. आजोबांचं नाव ठेवलेलं, आणि आजोबा स्वर्गात खूश असले तरी नातू फारसा नव्हता. डोळ्यांच्या एका डॉक्टरकडं चष्म्याचे नंबर तपासायचा.

"गाव कोणतं?"

"उदगीर. जिल्हा उदगीर."

"जिल्हा तर लातूर ना?"

"नवीन होऊन राहिलाय की आमचा. दर सव्वीस जानेवारीला होतो."

"मग?"

"सत्तावीसला परत तालुका होतो."

मी हसले. टँकरच्या रांगेत त्या महिन्यात हसलेलं बहुतेक मीच पहिलं माणूस.

"आणि ही बादलीवरची कोण? कार्टून?"

त्याचा चेहरा असा झाला, जसं मी त्याच्या गावाला नाव ठेवलं. "कार्टून न्हाई मॅडम. अ‍ॅनिमे. जपानी."

"म्हणजे जपानी कार्टून."

त्यानं माझ्या हातातली बादली काढून घेतली. मग एकदम म्हणाला, "मला तीन दिवस द्या."

"कशाला?"

"तुम्हाला पहिलं कोणतं दाखवायचं ते ठरवायला. पहिलंच चुकलं तर माणूस जन्मात परत त्या वाटेला जात न्हाई."

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन केवळाबाईंच्या ओसरीवर हजर. आधी तपासणी. "तुम्हाला रडायला आवडतं का हसायला?"

"पोस्टात बसते मी. दोन्ही होतं तिथं."

त्यानं त्याचा सगळ्यात आवडता अ‍ॅनिमे लावला. इमारतीएवढी लोखंडी यंत्रं, आणि त्यातल्या एकात बसून एक पोरगा स्वतःशीच विश्वाबद्दल बोलतोय. बाराव्या मिनिटाला मी झोपले. मला कुणी उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी केवळाबाई म्हणाल्या, "त्यानं आवाज बारीक केला अन् बसला. यंत्राकडं कोण बघतंय? तुझ्याकडंच बघून राहिलं होतं पोरगं."

दुसऱ्या वेळी त्यानं मित्रांना विचारून आणलं. म्हणे सगळं जग यापासूनच सुरुवात करतं. माझ्या हातात भाकरी, भाकरीवर ठेचा, आणि पडद्यावर पाचव्या मिनिटाला तलवारीनं एकाचं मुंडकं उडालं. केवळाबाई ओरडल्या, "बंद कर रे! माझा बीपी हाय!" लिंबाजीनं धडपडत बंद केलं. मग त्याच हळूच म्हणाल्या, "ज्यानं तोडलं, त्याचं पुढं काय झालं रे?"

तिसऱ्या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही. नुसतं लावलं. शाळेतला एक मुलगा, एक मुलगी, आणि पाऊस... सगळीकडं पाऊस. छपरावरून पडणारा, छत्रीवर वाजणारा, मुलीच्या पापणीवर एकच थेंब होऊन थांबलेला. मी श्वास धरून बघत होते.

"अगं बाई, किती पाणी वाया चाललंय!" केवळाबाई कळवळल्या. "त्या पन्हाळीखाली एखादी घागर तरी लावा गं कुणी!"

बारा भाग होते. रोज संध्याकाळी दोन. सहाव्या दिवशी शेवटचा भाग संपला, मुलगी दुसऱ्या गावी निघून गेली, आणि मुलगा तसाच पुलावर उभा. मनातलं एक अक्षर बोलला नाही!

"हे काय?" मी भडकले. "बारा भाग! बोलला का नाही तो?"

"बोलायचं म्हणलं म्हणून बोलता येतं का?" लिंबाजी पडद्याकडंच बघत होता. "लई अवघड असतं मॅडम."

"त्याला... का तुम्हाला?"

त्यानं लॅपटॉप इतक्या घाईनं मिटला की बोट आत अडकलं. "आई गं!" एवढंच काय ते त्या संध्याकाळी त्याच्या तोंडून निघालं.

त्याच आठवड्यात नांदेडहून बाबांचा फोन आला. धर्माबादचं स्थळ होतं. मुलगा कृषी खात्यात, घरची माणसं चांगली. सोमवारी बघायला येणार होते, मी दोन दिवस रजा काढावी.

मी लिंबाजीला सांगितलं. दोघंही बादल्या घेऊन उभे होतो. टँकर आला, बादल्या भरल्या, टँकर गेला. शेवटी तो म्हणाला, "मग... घरी माझं बी नाव घ्या की."

"हे विचारताय का सांगताय?"

"तुम्हीच ठरवा," म्हणाला आणि भरलेली बादली हिंदकळत पळाला. त्या दुष्काळात कुणी एवढं पाणी सांडलं नसेल.

मी बाबांना फोन केला. माझे बाबा साहेबराव, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळं आधीच माहीत होतं. केवळाबाई माझ्या पुढं होत्या.

"पोरगं समाजातलं हाय, कामधंदा हाय, सगळं ठीक," बाबा म्हणाले. "पण बाई म्हणून राहिल्या, कार्टून बघतंय."

"अ‍ॅनिमे, बाबा."

"जे असंल ते. रविवारी त्याला घेऊन ये. अन् ते बी आणायला सांग. एवढा थोराड माणूस त्यात काय बघतो, मला बी बघू दे. न्हाई पटलं, तर धर्माबादवाले सोमवारी येऊनच राहिलेत."

हे ऐकून लिंबाजी मटकन ओसरीवर बसला. चष्म्याच्या नंबरच्या कागदांवर त्यानं नावं लिहिली, खोडली, परत लिहिली.

"यंत्रवालं दाखवू? लई खोल विचार हाय त्यात."

"बाबा माझ्यापेक्षा लवकर झोपतात."

"तलवारवालं?"

"आई उठून जाईल."

"पावसाचं?"

"त्यातला मुलगा तोंड उघडत नाही. बाबांना वाटेल, जावई पण तसाच."

जावई हा शब्द माझ्या तोंडून निसटला तसे आम्ही दोघंही भिंतीवरची पाल बघायला लागलो. मग मीच विचारलं, "रेल्वेचं काही नाही का?"

"हाय एक... पण लई साधं हाय. डोंगरातलं बारकं स्टेशन. म्हातारा स्टेशनमास्तर, एक नवा पोरगा, एक चहा विकणारी पोरगी. दिवसाला दोन गाड्या. काहीच होत न्हाई त्यात."

"गाड्या वेळेवर येतात?"

"मिनिटावर."

"तेच घ्या."

रविवारी सकाळी आम्ही नांदेडच्या घरी पोचलो. लिंबाजीनं "जय भीम" केला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. बाबा विचारत गेले, तो एकेका शब्दात उत्तरं देत गेला. शेवटी बाबांनी विचारलं, "आमची पोरगी तुम्हाला कामून करायची? कारण सांगा."

लिंबाजीनं पाण्याचा पेला तोंडाला लावला. पाणी संपलं तरी काढला नाही. मीच उठून लॅपटॉप लावला.

"खाली इंग्रजी येतं," तो घसा खाकरून म्हणाला. "मी मराठीत सांगत जातो."

आणि काय सांगू! एका शब्दाच्या वर न जाणारा तो माणूस पडद्यावरच्या सगळ्यांच्या वतीनं बोलायला लागला. म्हातारा स्टेशनमास्तर तर थेट उदगीरचा निघाला. "ए पोरा, झेंडी हाय ती! कपडे वाळत घालून राहिलास का?" आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. बाबा पुढं सरकले.

"हिरवी दाखवायच्या आधी मागं बघायला पाहिजे," ते पुटपुटले. "बघतंय का ते... बघितलं! अगं, बघितलं त्यानं!"

पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला बाबांनी जेवण पुढं ढकललं. चौथ्यात बर्फ पडत होतं. चहावाली मुलगी गाव सोडून निघाली होती. गाडी दिसायला लागली, आणि तो नवा पोरगा तिच्याकडं वळला. त्याचे ओठ जरासे हलले. लिंबाजी बोलायला लागला...

"तुम्ही वाचताना ओठ हलवता. मला ते बघत बसावं वाटतं. तुम्ही रागावता, तवा घरी जाऊन मी एकटाच हसतो. मला चांगलं बोलता येत न्हाई, म्हणून दुसऱ्यांच्या गोष्टी दाखवत बसतो. पण तुम्ही लातूर सोडून जाऊ नका. अन् जायचंच असंल... तर मी बी येतो."

पडद्यावर गाडी येऊन थांबलीसुद्धा होती. आई माझ्याकडं बघत होती, मी फरशीकडं.

बाबांनी हात लांब करून चित्र थांबवलं.

"पाव्हणं, मी बत्तीस वर्षं रेल्वेचं इंग्रजी वाचलंय. खाली दोनच शब्द होते. 'गाडी आली.'"

"...हाव."

"अन् जपानात लातूर कुठून आलं?"

लिंबाजीनं दाराकडं बघितलं. पण या वेळी तो पळाला नाही. "ते माझं होतं. सगळंच माझं होतं."

बाबा माझ्याकडं वळले. "तुझं काय म्हणणं हाय?"

लिंबाजीला अवघड जातं म्हणून मी किती हसले होते! आता माझीच पाळी होती. "बाबा... धर्माबादला फोन करा. येऊ नका म्हणावं."

"करतो. जेवण झाल्यावर करतो." बाबा परत खुर्चीत नीट बसले. "आधी ती पोरगी गाडीत चढली का न्हाई, ते कळू दे. अन् पाव्हणं..."

"जी?"

"आता जेवढं लिहिलंय, तेवढंच सांगा."

लिंबाजीनं मान हलवली आणि बटण दाबलं. मी माझी खुर्ची उचलली, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या शेजारी नेऊन ठेवली.