ओल्या ढलप्या

सॉमिलच्या आवारात, लाकडाच्या ढलप्यांच्या ढिगापाशी तो उभा होता. केसांत भुसा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मला वाटलं, इथलाच असणार. मग काय, जिभेला हाड नसल्यासारखी मी सुटले.

लाकडापासून वीज आणि उष्णता दोन्ही देणारं यंत्र सॉमिलच्या मालकीणबाईंना घ्यायचं होतं. वीज करवतींना, उष्णता फळ्या वाळवायच्या खोलीला. माझा गॅसिफायर लाकडाचा गॅस करतो आणि त्यावर इंजिन चालवतो. दुसरा विक्रेता बॉयलर घेऊन येणार होता, वाफेवर टर्बाइन फिरवणारा.

"तेवढ्याच लाकडात माझं यंत्र जास्त वीज देतं," मी म्हणाले. "तो बॉयलरवाला नुसतं पाणी तापवतो."

"अगदी खरं," त्यानं मान डोलावली. "दिसायला कसा आहे हो तो?"

"असेल कुणीतरी ढेरपोट्या."

थोड्या वेळानं केबिनमध्ये मालकीणबाईंनी ओळख करून दिली, तेव्हा तो ढेरपोट्या माझ्या समोरच बसला होता — सडपातळ, हसू दाबत. मी शरमेनं अर्धी झाले. तरी त्याच्याकडे बघायचा मोह काही आवरेना...

ही ऑर्डर मला हवीच होती. बाबांचं वर्कशॉप चालू राहणार की त्याला टाळं लागणार, ते हिच्यावर होतं.

तुलना इथल्याच लाकडावर व्हावी म्हणून मालकीणबाईंनी आम्हाला पुन्हा ढिगापाशी नेलं. मी आतल्या मूठभर ढलप्या घेऊन दाबल्या. तळवा ओला झाला. ताजं लाकूड, तेही सालीसकट. असलं लाकूड घातलं की गॅसमध्ये डांबर येतं आणि इंजिन रुसून बसतं. बॉयलर मात्र मुकाट्यानं जाळतो. वाळवून घालावं तर ती खोली फळ्यांनाच पुरत नव्हती.

त्यालाही ते कळलं होतं. पण तो गप्प होता, नुसता माझ्याकडे बघत होता.

"बोला, कोणाचं घेऊ?" मालकीणबाईंनी मला विचारलं.

मी हातातल्या ढलप्या खाली टाकल्या. "यांचं घ्या," मी म्हणाले. "तुमचं लाकूड ओलं आहे. माझं यंत्र तुम्हाला रडवेल."

फाटकापर्यंत पोचले तोवर मीच रडत होते. तो मागून धावत आला. तुम्ही का नाही बोललात, मी विचारलं. तुम्हीच सांगाल असं वाटत होतं, तो म्हणाला, आणि ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं.

मग त्यानं पलीकडच्या फर्निचरच्या कारखान्याचं सांगितलं. तिथं वाळलेल्या लाकडाचे तुकडे ढिगानं पडतात, विजेची गरज मोठी. उद्या त्याला बोलावलं होतं. मीही यावं म्हणाला.

"तुम्ही तिथं विकायला येणार ना?"

"नाही," तो म्हणाला. "हरायला..."

आणि कानांपर्यंत लाल झाला. मला तो आवडला होता, फार आवडला होता. आता लपवण्यात काय अर्थ होता?

"लवकर या मग," मी डोळे पुसत म्हणाले. "तुम्हाला हरवायला मला आवडेल — रोज."