डाव्या खांद्यामागं

सोमवारची भेट म्हणजे तसं साधं काम. लोक एकेक करून आत येतात, मन मोकळं करतात, राणी उभ्या उभ्या ऐकते. भेट संपली की तिनं हलकेच मान हलवायची, एवढंच.

पण महिन्यापूर्वी बाबा गेले, गादी रिग्मोरकडे आली, आणि ती मान काही तिच्याच्यानं हलेना. समोरच्या माणसाला ‘जा’ कसं म्हणायचं?

“तू सगळ्यांना रात्रीच्या हेरिंग माशांच्या जेवणालाच थांबवशील बघ,” तिला लहानाची मोठी केलेली हेडविग दारातून पुटपुटली.

तरी लोक वेळेवर निघत होते. रिग्मोरच्या डाव्या खांद्यामागं बघायचे, झुकायचे, जायचे. मागं तर नुसती भिंत! दुपारीच अंधारून आलं होतं. काचेवर बर्फ सरसरत होतं आणि दालनात पाइपच्या तंबाखूचा वास दाटत होता. बाबांचा वास. भीती वाटण्याऐवजी तिला बरंच वाटलं.

मग बोडिल आली. दूरच्या बेटावरची म्हातारी, पायात गमबूट.

“बेटावर येणारी आमची एकुलती बोट बंद करायचं संसदेनं ठरवलंय. उद्या तुमची सही झाली की बेट मेलंच. नका ना करू सही, महाराणीसाहेब!”

सही नाकारणं राणीच्या हातात नव्हतं. नाव तिचं, निर्णय लोकांनी निवडून दिलेल्यांचा. पण म्हातारी आशेनं तिच्याकडे बघत होती. जळो ती गादी! रिग्मोरनं तोंड उघडलं, “उद्या मी...”

खांद्यावर काहीतरी टेकलं. जड. गारठलेलं.

बोडिल पांढरीफटक पडली. ती कुणाचं तरी ऐकत होती...

“हो महाराज,” ती कुजबुजली. “सांगते तिला.”

“काय... काय म्हणाले?”

“म्हणाले, सही कर, पोरी. आज तू संसदेचा शब्द मोडलास, तर उद्या कुठलाही राजा मोडेल. पण त्या बोटीत बसायला तुला कोण अडवतंय?”

रिग्मोर रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं सही केली आणि तडक धक्का गाठला. मागोमाग वार्ताहर धावले. आता ती बोट सगळ्या देशाला दिसणार होती.

बोट खच्चून भरली. किनारा मागं पडला तशी बोडिल रिग्मोरच्या कानाशी वाकली.

“महाराणीसाहेब... आज महाराज एकटे नाही आले. आधीचे सगळे राजेही आलेत.”

आणि टोप्या काढत, लोक त्यांच्यासाठी एकेक बाक रिकामा करू लागले.