मीटरच्या पुढचं कुणाचं?

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि थापा मारणं हा त्याचा पिंड नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. मंगळवारची भर दुपार होती आणि तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं साधं घर होतं.

मामा गॅसच्या पाइपांची कामं करायचा. गळती शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या घरात एक शिक्षिका आणि अंथरुणाला खिळलेले तिचे वडील राहायचे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मागच्या खोलीत, अण्णांच्या अगदी उशाशी, रोज दुपारी गॅसचा वास यायचा.

"कंपनीवाले म्हणतात, मीटरपर्यंत आमचं, पुढचं घरमालकाचं," शिक्षिका सांगत होती. "घरमालक म्हणतो, वापरता तुम्ही, मग तुमचं. ज्यानं पाइप टाकला तो तर फोनच उचलत नाही."

"सगळ्यांचेच हात वर," मामा हसला. "मग पाइपला हात लावणार कोण?"

अण्णा पलंगावरून म्हणाले, "आधीच्या भाडेकरणीलाही असंच टोलवलं होतं. शिवणकाम करायची बिचारी. एकटी. हे सगळे एकमेकांकडे बोटं दाखवत बसले आणि ती इथेच..."

"अण्णा, पुरे ना."



मामानं मीटरजवळचा कॉक बंद केला. पाइपला पाणी भरलेली काचेची नळी जोडली. कुठेही गळत असेल तर त्या नळीतलं पाणी सरकतं.

पाणी जागचं हललं नाही.

म्हणजे गळती नव्हती.

पण वास होता. नाकात झोंबणारा.

अण्णांच्या उशाशी भिंतीतून पाइपचा एक जुना फाटा बाहेर आला होता. त्याचं तोंड बूच लावून बंद केलेलं. मामानं खिडकी सताड उघडली आणि बुचाला साबणाचं पाणी लावलं.

बुडबुडा आला... फुगला...

आणि आत ओढला गेला.

पुन्हा फुगला... पुन्हा आत.

मामानं जन्मभर बुडबुडे पाहिले होते. गळतीचा बुडबुडा फुगतो आणि फुटतो. हा फुटत नव्हता.

हा श्वास घेत होता.

मामा दोन पावलं मागे सरकला. पण काम अर्धवट टाकणाऱ्यांतला तो नव्हता. "ताई, खाली जा," तो म्हणाला. "इमारतीचा मुख्य कॉकही बंद करा, आणि मी हाक मारेपर्यंत तिथेच थांबा."

ती गेली. मामा वाकून बूच ढिलं करायला लागला. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता... तो हळूहळू कमी झाला... मग थांबलाच.

पाठीमागून बाईचा आवाज आला. दमलेला.

"आता ही जबाबदारी तुमचीच ना?"

"हो हो, माझीच," मामा मान वर न करता म्हणाला. "काळजी सोडा."

तेवढ्यात जिन्याच्या तळातून हाक आली.

"बंद केला हो! येऊ का वर?"

शिक्षिका खालीच होती.

मामा गर्रकन वळला. खोलीत कुणी नव्हतं. खिडकी मिटलेली होती... आणि कडी आतून लावलेली.

अण्णा टक लावून मामाकडे बघत होते. "हो कशाला म्हणालात?" ते पुटपुटले. "मला ती रोज विचारते. मी तोंड उघडत नाही."

मामानं त्याच संध्याकाळी घरातला सगळा पाइप उपटून काढला. भोकं सिमेंटनं बुजवली. शिक्षिकेला हात जोडून म्हणाला, "ताई, हे घर सोडा."

"अण्णांना उचलून नेऊ कुठे?" ती म्हणाली. "आम्हाला कोण घर देतंय?" ती विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करायला लागली.

त्याच आठवड्यात ती शाळेतून आली तेव्हा अण्णा गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, घुसमटून गेले. खोलीत गॅसचा वास कोंदला होता. घरात हातभरही पाइप नव्हता. आणि ज्या माणसाला कूस बदलायला आधार लागायचा, त्याच्या खोलीची खिडकी आतून बंद होती.

चौकशी झाली. कंपनी म्हणाली, आमचं कनेक्शन तोडलेलं होतं. घरमालक म्हणाला, पाइपला हात लावला तो फिटरनं. सगळी बोटं मामाकडे वळली. परवाना गेला.

मामानं एका शब्दानंही बाजू मांडली नाही.

शिक्षिकेनं त्याला एवढंच विचारलं, "तुम्ही तर सगळं काढलं होतं ना?"

"काढलं होतं," मामा म्हणाला. तिनं दार लावून घेतलं.

आता मामा घरीच असतो. धड जेवत नाही. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या एकदम म्हणतो, "हो, माझीच." समोर कुणी नसतं. लोक म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. मलाही तसंच वाटायचं.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामा झोपला होता. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"काय रे, मघाशी काय विचारत होतास? नळाच्या आवाजात नीट कळलं नाही."

"मी? मी कुठे काय विचारलं?"

मामी जागीच थांबली.

"मामी," मी म्हणालो, "तू काही उत्तर तर नाही ना दिलंस?"



"अरे... मला वाटलं, तूच विचारतोयस."