पहिल्या नंबरची किल्ली

मार्लिसच्या पिकअपला दोन किल्ल्या होत्या. पहिल्या नंबरची नवऱ्याची, दुसऱ्या नंबरची तिची. ज्याची किल्ली हातभर अंतरात येईल त्याच्या मापाने गाडी आपणहून सीट सरकवायची, आरसे वळवायची. लायल सहा फुटांच्या वर, मार्लिस त्याच्या खांद्याखाली, त्यामुळे सीटला दिवसभर उसंत नसे. "आपल्या संसाराची हिलाच जास्त काळजी," असं लायल म्हणायचा.

नॉर्थ डकोटाच्या त्या भागात हिवाळ्यात कुणी इंजिन बंद करत नाही. गाडी चालू ठेवायची आणि खुशाल उतरून जायचं. किल्ली खिशात घेऊन कुणी चालू गाडीतून उतरलं की गाडी दोनदा हॉर्न वाजवून कुरकुरते, पण तिकडे लक्ष कोण देतो? स्वयंपाकघरात ते दोन हॉर्न ऐकू आले की मार्लिस सूपखालचा गॅस वाढवायची.

मागच्या मार्चमध्ये लायल असाच चालू गाडीतून उतरला, तळ्याकडे व्यायला टेकलेल्या गाई बघायला म्हणून बर्फाच्या वादळात शिरला. गाडी सापडली. डिझेल संपेपर्यंत इंजिन चालू राहिलं होतं. लायल सापडला नाही, आणि त्याच्या कोटाच्या खिशातली किल्लीही नाही.

हरवलेली किल्ली गाडीच्या मेमरीतून पुसून टाका, असं गॅरेजवाल्याने तेव्हाच सांगितलं होतं. मार्लिस वर्षभर टाळत आली. "तो परत आला तर गाडीत बसेल कसा?" असं ती एकदा जेवताना बोलून गेली. सासरे ऑर्विन मान वर न करता जेवत राहिले. शेवटी या आठवड्यात तिनेच मन घट्ट केलं. किल्ली शुक्रवारी पुसायची ठरली. आज गुरुवार होता.

दुपार कलताना तळ्याच्या पलीकडे एक गाय बर्फातच व्याली होती. उणे तीसची थंडी. मार्लिसने तिथे पोचून इंजिन बंद केलं. लायल गेल्यापासून ती गाडी चालू ठेवून कधी उतरत नसे, शेजारी हसले तरी. वासरू उचलून तिने शेजारच्या सीटपुढच्या जागेत ठेवलं, आत बसली, दारं लॉक केली. ही सवयही वर्षभरातलीच. मग लायल करायचा तसं वासराच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तोंड गार होतं. बोट चोखायची ताकद त्यात नव्हती.

तिने इंजिन सुरू करायचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. किल्ली सापडली नाही.

तिने घरी फोन लावला.

"किल्लीतला सेल गेला असेल," ऑर्विन म्हणाले. "थंडीने मारला. किल्लीचं नाक बटणावर टेकव आणि दाब. सेल नसला तरी ओळखते ती."

"नाही ओळखत. पुन्हापुन्हा केलं."

"मग काखेत धर, जरा ऊब दे. आमच्या वेळी स्क्रूड्रायव्हरने गाडी चालू व्हायची बघ. आता या बाईसाहेबांना ओळखपाळख लागते."

"ऑर्विन, वासरू हलत नाहीये."

"ट्रॅक्टर काढतो, पोरी. पण तास तरी लागेल. तू झोपू नकोस."

तासाभरात वासरू राहिलं नसतं. तिचं स्वतःचं काय होईल, हेही तिला ठाऊक नव्हतं. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होऊन कडक झाल्या होत्या. फोनही थंडीने विझला. तिने किल्ली उघडली, नाण्याएवढा सेल शर्टावर घासला, आणि तो बधिर बोटांतून निसटून सीटखाली कुठेतरी गेला. रिकामी किल्ली तिने पुन्हा बटणावर टेकवली.

किल्ली सापडली नाही.

काचांवर आतून तिच्याच श्वासाचं दव गोठत होतं. बाहेरचं काही दिसेना. वाऱ्याने गाडी हलत होती. मग वारा पडला.

टक्.

लॉक उघडलं होतं. तिने किल्लीला हात लावला नव्हता. लॉक असं आपोआप उघडायचं ते एकाच वेळी, बाहेरून कुणी खिशात किल्ली ठेवून दाराच्या मुठीला हात घातला की.

"लायल?" ती म्हणाली.

दार उघडलं नाही. पण गाडी उजव्या अंगाला जराशी दबली, जड माणूस चढून बसावा तशी.

मग तिची सीट मागे सरकू लागली. सावकाश, गुरगुरत, पार शेवटपर्यंत. आरसे वर वळले. तिचे पाय पेडलवरून सुटले.

पडद्यावर आलं, किल्ली क्रमांक एक.

तिला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या तळाशी वर्षभरात न झालेला आनंद झाला, हेही खरं. उजवीकडे बघायचं नाही एवढं तिने ठरवलं आणि बटण दाबलं.

इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं.

सीट पुढे ओढून ती निघाली. हीटरची ऊब येऊ लागली. रस्ता ओळखीचा, एकही गाडी नाही. अर्ध्या वाटेवर तिच्या कानांवर बारीक आवाज आला. चुटूचुटू, चुटूचुटू. वासरू काहीतरी चोखत होतं.

तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

तिने उजवीकडे पाहिलं नाही.

अंगणात ट्रॅक्टर धडधडत उभा होता, ऑर्विन कोट घ्यायला आत गेले असावेत. मार्लिसने गाडी दारासमोर थांबवली. इंजिन बंद करायला तिचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. बंद केलं तर ती किल्ली पुन्हा सापडेल का, कुणी सांगावं? आणि उद्या शुक्रवार.

चोखण्याचा आवाज थांबला.

गाडीने दोनदा हॉर्न वाजवला.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. ऑर्विन एका बाहीत हात घालत उंबऱ्यावर आले. गाडीच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपले होते. दार धरून ते आत येणाऱ्याला वाट द्यावी तसे बाजूला झाले, बुटांवरचं बर्फ झटकायला लागतो तेवढा वेळ थांबले, आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने दार पुन्हा उघडलं. या वेळी ते कपाळावर आडवा हात धरून गाडीकडे बघत होते.

"मार्लिस?" ते म्हणाले. "तू अजून गाडीतच?"