मालकासह रंगकाम

वरच्या मजल्याचं दार तिने तिसऱ्यांदा वाजवलं आणि भांडणाची मनातल्या मनात उजळणी केली. खालच्या मजल्यावरच्या तिच्या घराचा भाडेकरार दलालामार्फत झालेला. मालकाचं तोंड तिने पाहिलेलंच नव्हतं. असेल कोणीतरी पोट सुटलेला खडूस माणूस! दार उघडलं... आणि समोर तिशीही न गाठलेला एक तरुण. एका गालावर साबणाचा फेस, हातात रेझर.

"मालक कुठे आहेत?"

"समोरच आहेत. फक्त... अर्ध्या दाढीत आहेत."

तिला हसू फुटत होतं, पण तिने ते गिळलं. रविवारी बाबा घर बघायला येणार होते. पटलं तर राहा, नाहीतर माझ्याबरोबर परत चल, असं त्यांनी फोनवर निक्षून सांगितलं होतं. आणि भिंतींना असे पोपडे आलेले, की ते दारातूनच मागे फिरले असते. छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरी आणि स्वतःची किल्ली तिने घरच्यांशी भांडून मिळवली होती. ती अशी सुखासुखी सोडणार नव्हती.

"रंगाचं काय?" तिने थेट विचारलं.

"तो भाडेकरूचा. कलम सात."

तिने करार त्याच्यापुढे धरला. "वाचा."

"'भाडेकरूने मालकासह घर रंगवावे...' अरेच्चा! मला 'मालकास कळवून' लिहायचं होतं हो. मी दातांचा डॉक्टर, टायपिंगमध्ये जरा—"

"दिवसभर लोकांच्या चुका दुरुस्त करते मी. ही करणार नाही. खाली सही तुमचीच आहे ना? उद्या संध्याकाळी सहाला या. जुने कपडे घालून."

तो आला. बरोबर सहाला, तोंडाला दवाखान्यातला मास्क लावून. ती खरवडायची, तो भेगांत पुट्टी भरायचा, इतक्या निगुतीने की तिला राहवेना.

"भिंतीला विचारा, दुखतंय का म्हणून."

"ती तुमच्याइतकं बोलत नाही, म्हणून काम होतंय."

"बरं, खिळ्यांची भोकं कोणाची? मालकाची की भाडेकरूची?"

"आधीच्या भाडेकरूची."

"म्हणजे तुमची!"

तो हसला. मास्क होता, तरी डोळ्यांतून कळलं... आणि ती भिंतीवर एकाच जागी खरवडत राहिली. पुढच्या दोन संध्याकाळी घड्याळात पाच वाजल्यापासूनच तिचं मुद्रितांतलं लक्ष उडायला लागलं. हे काही बरं लक्षण नव्हतं, आणि तिला ते फार बरं वाटत होतं.

शनिवारी तीन भिंती फिकट पिवळ्या झाल्या. चौथीवर तिने ब्रश टेकवला, तोच त्याने तिचं मनगट धरलं.

"ही नको."

"का?"

"ओल माझ्या न्हाणीघरातून येत होती. काल पाइप बदलून घेतला, पण भिंत आतून ओलीच आहे. पंधरा दिवस तरी वाळू द्यायला हवी."

"बाबा उद्या येतायत! उद्यापुरता तरी लावू द्या..."

"किडलेल्या दातावर मुलामा चढवत नाही मी." तो हळूच म्हणाला. "महिन्यात सगळं गळून पडेल. मग तुम्ही माझ्यावर चिडाल, आणि ते मला... चालणार नाही."

ती चिडली, ती आत्ताच. चार दिवसांची मेहनत पाण्यात! ब्रश आपटून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पण माणूस खोटं बोलत नव्हता. आणि बाबांपुढे खोटी भिंत उभी करून राहायचं, तर ते राहणं तरी कसलं? तिने ब्रश धुवून ठेवला. तो खाली बसून तिच्या पंख्याचं तोंड त्या भिंतीकडे वळवत होता.

रविवारी बाबा आले, तेव्हा तो भिंतीची ओल बघायला खाली आलेला होता, आणि बाबांची नजर नको तिथेच गेली.

"ही भिंत अशी का?"

"ओली आहे, बाबा."

"मी घरमालक. चूक माझी आहे, काका," तो पुढे होऊन म्हणाला. "वाळली की मी रंगवून देईन."

"पंधरा दिवसांनी रंगवलीत की नाही, ते बघायला कोण असणार इथे?"

"मी," ती म्हणाली. "मी इथेच राहणार आहे, बाबा. घर मला आवडलंय." मग तिने त्याच्याकडे बोट केलं. "आणि... हा पण."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"नाही, काका... नुसती आशा होती."

बाबा बराच वेळ त्या भिंतीवर हात फिरवत राहिले. "पंधरा दिवसांनी पुन्हा येतो," शेवटी ते म्हणाले. "भिंत बघायला. आणि तुम्हालाही." ते हात धुवायला आत गेले.

"मघाशी मला 'हा' म्हणालात..." तो कुजबुजला.

"म्हणाले," ती म्हणाली आणि त्याचा पुट्टीने खरखरीत झालेला हात तिने घट्ट धरला. "आता तूही मला 'तू' म्हण. बाबा बाहेर यायच्या आत."